तुलनेचं घर

दोरवाल्याच्या कुटुंबाला पैसे द्यायचे नाहीत असा निर्णय शासनाने घेतला, तेव्हा त्या घरात कुणाला धक्का वगैरे बसला नाही. आजवरही शासन त्यांना पैसे देत नव्हतंच. फरक एवढाच की आजवर हे काम अघळपघळ, विनानोंद चाललं होतं. आता त्याला क्रमांक मिळाला, फाइल मिळाली आणि एक अधिकारी मिळाला.

झालं होतं असं. गरिबांच्या खात्यात थेट रोख रक्कम जमा केली तर त्यांची गरिबी कमी होते का, असा प्रश्न वरच्या एका बैठकीत निघाला. बैठकीला बसलेल्या सगळ्यांचे पगार थेट खात्यातच जमा होत आणि त्यांची गरिबी बऱ्यापैकी कमी झालेली होती. पण हा पुरावा शास्त्रीय धरता येणार नाही, असं मत पडलं. तेव्हा प्रयोग करायचं ठरलं. दोनशे गावं घ्यायची. प्रत्येक गावात अगदी सारख्या गरिबीची दोन घरं शोधायची. एका घराला दोन वर्षं, दर महिन्याला दोन हजार द्यायचे. दुसऱ्याला काही द्यायचं नाही. मग दोन्ही घरं शेजारी शेजारी ठेवून बघायची. शितावरून भाताची परीक्षा करतात, त्यातलाच हा प्रकार. फक्त यात एक शीत शिजवायचं असतं आणि दुसरं मुद्दाम कच्चं ठेवायचं असतं.

या गावात ती दोन शितं सापडायला अर्धा दिवसही लागला नाही. गावाच्या टोकाला एक लांबट अंगण होतं. त्याच्या एका बाजूला दोरवाला, त्याची बायको आणि त्याची म्हातारी आई राहत. समोरच्या बाजूला न्हावी आणि त्याची एकुलती एक मुलगी. दोरवाल्याची बायको चाक फिरवायची आणि दोरवाला कमरेला काथ्याचा गठ्ठा बांधून, पीळ देत देत, अंगणभर उलटा चालायचा. समोर न्हावी एका मोठ्या दगडावर गिऱ्हाईक बसवून हजामत करायचा. दोन्ही घरांची छपरं गळत. गळतीखाली भांडी ठेवलेली असत. पाहणी पथकाने ती मोजली, तर इकडे सात आणि तिकडेही सातच. इतकी जुळणारी गरिबी आपण नोकरीत पाहिली नाही, असं पथकप्रमुख म्हणाला आणि त्याने दोन्ही घरांचं मनापासून अभिनंदन केलं.

कुणाला द्यायचे आणि कुणाला नाही, हे चिठ्ठीने ठरायचं होतं. न्हाव्याच्या साबणाच्या वाटीत दोन चिठ्ठ्या टाकल्या. निःपक्षपाती हात हवा म्हणून दोरवाल्याच्या आईला पुढे केलं. म्हातारीने डोळे गच्च मिटले, वाटीत हात घातला आणि चिठ्ठी काढून दिली. चिठ्ठीवर न्हाव्याचं घर होतं.

"आई, स्वतःच्या हाताने!" दोरवाला पुटपुटला.

"मला काय ठाऊक? सरकारी वाटी आहे, नीटच निघेल असं वाटलं."

"वाटी माझी आहे, काकू," न्हावी ओशाळून म्हणाला. पुढचे काही दिवस तो दोरवाल्याच्या घराकडे पाठ करूनच हजामत करत होता.

संध्याकाळी दोरवाल्याकडे एक गृहस्थ आले. त्यांचं पद होतं तुलना अधिकारी. पैसे मिळणाऱ्या घरांकडे लक्ष द्यायला वेगळा विभाग होता. पैसे न मिळणाऱ्या घरांचं हित बघण्याची जबाबदारी यांच्यावर होती.

"तुम्ही आता तुलना कुटुंब झालात," ते खुर्ची नसल्यामुळे उभ्यानेच म्हणाले. "घाबरायचं काही कारण नाही. तुम्हाला काहीही करायचं नाही. दोन वर्षं फक्त आहात तसे राहायचं."

"आणि पैसे?" दोरवाल्याच्या बायकोने विचारलं.

"पैसे त्यांना."

"मग आम्हाला काय?"

"तुम्हाला महत्त्व."

म्हातारी मधेच म्हणाली, "ते एक तारखेला मिळणार की महिनाअखेर?"

अधिकाऱ्यांनी समजावून सांगितलं की प्रयोगात दोन्ही घरांना अगदी समान वागणूक मिळेल. त्याप्रमाणे दोन्ही घरांची बँकेत खाती उघडली गेली. एक तारखेला न्हाव्याच्या फोनवर संदेश आला की आपल्या खात्यात दोन हजार जमा झाले आहेत. त्याच मिनिटाला दोरवाल्याच्या फोनवरही संदेश आला की आपल्या खात्यात शून्य जमा झाले आहेत. म्हातारीने तो तीनदा वाचून घेतला. कुणीतरी आठवण ठेवून कळवतंय, याचंच तिला अप्रूप होतं.

न्हाव्याने पहिल्या दोन महिन्यांच्या पैशांत छप्पर नीट करून घेतलं. तिसऱ्या महिन्यात मान टेकायला जागा असलेली, वापरलेली पण धडधाकट खुर्ची आणली. मग चार महिने एक पै इकडची तिकडे न करता, मुलीचं नाव शहरात दवाखान्यातलं काम शिकवणाऱ्या वर्गात घातलं. दीड वर्षाचं शिक्षण होतं; दर सहा महिन्यांनी चार हजार फी. मुलगी सकाळच्या गाडीने जायची आणि संध्याकाळी आल्यावर म्हातारीचा रक्तदाब तपासायची. एखाद्या दिवशी तपासला नाही तर म्हातारीला बरं वाटेनासं व्हायचं.

इथपर्यंत सगळं सुरळीत चाललं होतं. म्हणूनच पाहणी सुरू झाली.

पाहणी करायला येणारी बाई वयाने लहान, स्वभावाने गरीब आणि प्रश्नांनी श्रीमंत होती. तिच्याकडे दोनशे चौदा प्रश्न होते. त्यातले दोनशे दहा खर्चाबद्दल होते आणि चार आनंदाबद्दल.

"खुर्ची का घेतली?" तिने न्हाव्याला विचारलं.

"गिऱ्हाईक बसायला."

"आधी गिऱ्हाईक कुठे बसायचं?"

"त्या दगडावर."

"दगड मोडला का?"

"दगड कसा मोडेल, ताई? तो काय तिथेच आहे."

बाईने दगडाकडे पाहिलं, हळहळल्यासारखा चेहरा केला आणि नोंद केली: दगड सुस्थितीत असतानाही खुर्ची खरेदी. पुढे कंसात लिहिलं, चैन, आणि तिला वाईट वाटलं म्हणून प्रश्नचिन्ह टाकलं.

"एक विचारू?" न्हावी वस्तरा पुसत म्हणाला. "तुमचा पगार झाला की तुम्हाला कोण येतं विचारायला?"

"मला? कुणीच नाही."

"मग तुमच्या घरच्यांवर त्याचा काय परिणाम होतो, ते सरकारला कळतं कसं?"

बाईने प्रश्नावली वरपासून खालपर्यंत चाळली. हा प्रश्न त्यात नव्हता.

एवढ्यात एक गंभीर बाब उघडकीला आली. छप्पर बांधताना न्हाव्याने दोर विकत घेतला होता, आणि तो समोरच्या दोरवाल्याकडून घेतला होता. त्याचे दोनशे पन्नास दोरवाल्याच्या घरात गेले होते. छप्पर पक्कं झालेलं बघून गावातल्या आणखी चौघांनी तसाच दोर मागवला होता. तुलना अधिकारी दुसऱ्याच दिवशी जीप घेऊन हजर झाले.

"इथे गळती आहे," ते अंगणात उभं राहून म्हणाले.

"होती, साहेब," म्हातारी म्हणाली. "यांनी छप्पर घातल्यापासून तिकडची थांबली. आमची आहे अजून."

"छपराची नाही, आजी. समृद्धीची! त्यांना दिलेले पैसे तुमच्याकडे गळतायत. असं झालं तर फरक दिसणार कसा?" मग न्हाव्याकडे वळून म्हणाले, "इथून पुढे दोर लागला तर शहरातून आणा."

"शहरात दोर साठाला आहे. जायचं यायचं भाडं ऐंशी. हा माझा शेजारी पन्नासला देतो."

"स्वस्त देतो? म्हणजे गळती दोन्ही बाजूंनी आहे!"

साहेब त्या दिवशी विचार करतच परत गेले. पंधरा दिवसांनी मंजुरी आली. अंगणाच्या मधोमध, लांबीला धरून, पुरुषभर उंचीची भिंत बांधायची होती. अंदाजपत्रक अठ्ठेचाळीस हजारांचं होतं.

दोरवाल्याची बायको शाळेत चौथीपर्यंतच गेली होती, पण पाढे तिला येत. "साहेब," ती म्हणाली, "महिन्याला दोन हजार म्हणजे दोन वर्षांचे अठ्ठेचाळीसच होतात की! एवढ्यात आम्हालाही देऊन झालं असतं."

"बाई, निधी निधीत फरक असतो. तो मदतीचा निधी, हा भिंतीचा."

"भिंत बांधायचा खर्च आम्हाला गरीब ठेवायला?"

"तुलनीय ठेवायला," साहेबांनी दुरुस्ती केली.

भिंतीच्या कामावर गावातलेच मजूर घ्यावेत असा नियम होता. न्हाव्याला घेता येईना, कारण लाभार्थ्याने शासनाचा दुसरा कुठलाही पैसा घ्यायचा नाही, असं त्याच्याकडून लिहून घेतलं होतं. गावातले बाकीचे कामाला बाहेर गेलेले. राहिले दोरवाला आणि त्याची बायको. दोघांनी अठरा दिवस विटा वाहिल्या आणि रोजची मजुरी रोज घेतली. परांची बांधायला दोर लागला, तो ठेकेदाराने दोन पावलांवरच्या दोरवाल्याकडून घेतला. भिंत पुरी झाली तेव्हा दोरवाल्याच्या घरावर नवं छप्पर होतं.

भिंतीचा दुसराही उपयोग निघाला. दोरवाल्याने तिच्यात ओळीने खुंट्या मारल्या. पूर्वी वळलेला दोर जमिनीला टेकू नये म्हणून आई जागोजागी बांबू धरून उभी राहायची. आता भिंतच दोर धरून राहिली आणि म्हातारी सावलीत बसायला मोकळी झाली. दिवसाला दोन दोर निघायचे, ते चार निघू लागले. उलटं चालण्याच्या धंद्यात एवढी प्रगती त्या घराने कधी पाहिली नव्हती.

साहेबांनी आकडे बघितले आणि त्यांची झोप उडाली. तुलनेचं घर वर सरकत होतं. का सरकतंय, हे शोधायला पाहणी वाढवणं भाग होतं. आता बाई महिन्याऐवजी दर आठवड्याला येऊ लागली. तिचं काम बरोबर आहे का, हे बघायला पर्यवेक्षक येऊ लागला. पर्यवेक्षक खरंच येतो का, हे बघायला तपासनीस येऊ लागले. या सगळ्यांना बसायला सावली लागे. न्हाव्याच्या बाजूला गिऱ्हाइकांची गर्दी असे, म्हणून ते भिंतीच्या अलीकडे बसत.

बसलेल्या माणसाला चहा विचारायचा, एवढी रीत दोरवाल्याच्या बायकोला होती. दोनदा तिने तसाच दिला. तिसऱ्यांदा पर्यवेक्षकाने पेला हातात घेतला आणि खाली ठेवला.

"पैसे घ्या. उत्तर देणाऱ्या कुटुंबाकडून फुकट काही घ्यायचं नाही, असा नियम आहे आम्हाला."

"अहो, चहाचे कसले पैसे घ्यायचे?"

"घ्यावेच लागतील. आणि पावतीही द्यावी लागेल."

झालं. ठरलेला दर, पावतीपुस्तक आणि शिक्का. सहा महिन्यांत दोरवाल्याची बायको कार्यालयाच्या यादीत अल्पोपाहार पुरवठादार म्हणून चढली. चहाबरोबर उकडलेली अंडी आली. अंड्यांसाठी कोंबड्या आल्या. कोंबड्या मोजायला वेगळा माणूस आला, आणि तोही दोन अंडी खाऊन गेला. एकदा बाहेरचे तज्ज्ञ आले. त्यांना दारिद्र्य जवळून बघायचं होतं. नऊ माणसं, दोन दिवस. त्या दोन दिवसांच्या पैशांत दोरवाल्याने चाकाला लोखंडी आस बसवला.

शेवटी तुलना अधिकारी एकटेच आले. त्यांचा चेहरा उतरला होता. त्यांनी चहा घेतला, पैसे दिले, पावती खिशात ठेवली आणि दोरवाल्यापुढे अक्षरशः हात जोडले.

"तुम्ही जरा गरीब राहा हो."

दोरवाला भिडस्त होता. "साहेब, मी माझ्याकडून प्रयत्न करतो. पण ही ऐकत नाही."

"सव्वा वर्ष राहिलात, आता थोडेच महिने राहिलेत. तेवढं ओढून न्या. नंतर काय व्हायचं ते व्हा."

"ओढून नेणं आम्हाला ठाऊक आहे," दोरवाल्याची बायको चहाचं भांडं उतरवत म्हणाली. "वीस वर्षं तेच केलं. तेव्हा कुणी आलं नाही बघायला. आता पोटभर खातोय तर तुम्हाला घास मोजायचाय. तुम्हीच येणं बंद करा, साहेब. आम्ही महिन्याभरात होतो तसे होऊ."

साहेब विचारात पडले. सूचना बिनतोड होती. पण येणं बंद केलं तर ते गरीब झाले की नाही हे बघणार कोण? त्यांनी आणखी एक पाहणी पथक मागवलं.

इकडे भिंतीपलीकडे मात्र दिवस फिरले होते. न्हाव्याच्या गिऱ्हाइकांनाही चहा लागे. न्हाव्याची मुलगी गाडीला जाण्याआधी भिंतीवरून हात वर करून चार पेले घ्यायची, आणि आठवड्याचे पैसे त्याच वाटेने परत करायची. तपासनीसांनी न्हाव्याच्या वहीतला किरकोळ या शब्दाखालचा खर्च उकलला, तेव्हा हे बाहेर आलं. काही महिन्यांत त्याने तुलना कुटुंबाला चहाच्या रूपाने बेकायदेशीररीत्या समृद्ध केलं होतं. अठराव्या महिन्यात त्याची मदत थांबवण्यात आली. खुलासा द्या, मग बघू, असं कळवलं.

न्हाव्याने खुलासा दिला. एका ओळीचा. "गिऱ्हाइकाला चहा पाजला." तो अपुरा ठरला.

मुलीच्या शेवटच्या फीची तारीख आठ दिवसांवर होती. न्हाव्याने खुर्ची विकायला काढली. हे भिंतीपलीकडून ऐकू गेलं, कारण खुर्चीचा भाव ठरवताना न्हाव्याचा आवाज चढला नाही, उलट बसत गेला. त्या माणसाची बडबड सगळ्या गावाला ठाऊक होती. तो गप्प झाला की दोरवाल्याच्या बायकोला करमत नसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीच्या सावलीत साहेब, पाहणीवाली बाई आणि पर्यवेक्षक असे तिघे चहा पीत बसले होते. दोरवाल्याची बायको घरातून आली आणि भिंतीला वळसा घालून थेट पलीकडे गेली. तिघांनी पेले ठेवले आणि मागोमाग गेले. न्हाव्याची मुलगी पिशवी खांद्याला लावून निघालेली होती. दोरवाल्याच्या बायकोने तिच्या हातात नोटा ठेवल्या.

"काकू, हे काय?"

"चार हजार आहेत. फी भर."

"वहिनी, नको," न्हावी म्हणाला. "तुमचे कष्टाचे पैसे. मी फेडणार कसे?"

"भाऊजी, फेडायचं कुणी सांगितलं? आणि ती खुर्ची ठेवा आत. म्हातारीला तुमच्या दगडावर बसवून केस कापणार आहात का?"

मुलीने एकदम काकूच्या गळ्यात हात टाकले. साहेब खाकरले. हा प्रसंग प्रयोगाच्या कक्षेत येत होता.

पाहणीवाल्या बाईने नोंदी करायचं यंत्र उघडलं. "रोख रक्कम... तुलना कुटुंबाकडून लाभार्थी कुटुंबाकडे," ती टिपत म्हणाली. "अटी काय आहेत?"

"कसल्या अटी?"

"म्हणजे पैसे कशासाठी वापरायचे, कसे वापरायचे..."

"शिकायला. तिला कळतं."

"पडताळणी कशी करणार?"

"माझ्यासमोर रांगत होती ती. आणखी किती पडताळू?"

"आणि समजा," बाई चाचरली, "समजा यातले थोडे तिने दुसऱ्याच कशावर खर्च केले तर?"

"करील. तिच्या हातात दिले म्हणजे तिचे झाले ना? गाडी चुकली तर खाऊन घेईल काहीतरी. चल गं, उशीर होतोय."

मुलगी पळाली. बाईने यंत्र बंद केलं, स्वतःच्या पर्समधून दोनशे काढले आणि कोपऱ्यापर्यंत पळत जाऊन मुलीच्या पिशवीत कोंबले. परत आली तेव्हा तिला धाप लागली होती आणि चेहरा असा होता, जणू तिनेच काही चोरलंय.

साहेबांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते हरखून गेले होते. कित्येक महिने ज्या आकड्यांनी त्यांची झोप उडवली होती, त्यांचा अर्थ त्यांना एका क्षणात लागला होता. इतके दिवस ते तुलना कुटुंबाच्या प्रगतीला अपयश समजत होते. अरे, पण ही प्रगती तर आपलीच! पैसे न देण्याचा विभाग आपला. न देऊन एवढं झालं!

दोन वर्षं पुरी होण्याचीही वाट न बघता, अहवाल तीन महिन्यांत तयार झाला. ज्या कुटुंबाला दोन हजार दिले, त्याच्याकडे एक छप्पर, एक खुर्ची आणि एक प्रलंबित चौकशी होती. ज्या कुटुंबाला काही दिलं नाही, त्याचं उत्पन्न तिप्पट झालं होतं, त्याच्याकडे छप्पर, भिंत, अकरा कोंबड्या आणि शासकीय पुरवठ्याचा अनुभव होता, आणि ते आता इतरांना दानधर्म करण्याइतकं सधन झालं होतं. दोनशेपैकी एकशे एक्याऐंशी गावांत थोड्याफार फरकाने हेच घडलं होतं, कारण पाहणी करणाऱ्याला सगळीकडे चहा लागतोच. निष्कर्ष स्वच्छ होता. गरिबी हटवण्यासाठी पैसे देण्यापेक्षा पैसे न देणं हा तिप्पट परिणामकारक उपाय असून, तो स्वस्तही पडतो.

अहवालाचं जोरदार स्वागत झालं. वर्तमानपत्रांनी अग्रलेख लिहिले. आम्ही हे पहिल्यापासून म्हणत होतो, असं म्हणणारे इतके निघाले की पहिल्यापासून दुसरं काही म्हणत होतं कोण, ते कळेना. मदत योजना बंद झाली आणि न देण्याची योजना देशभर लागू झाली. तुलना अधिकारी बढती मिळून राजधानीत गेले. जाताना ते अंगणात आले, सगळ्यांशी हस्तांदोलन केलं आणि शेवटच्या चहाची पावती न घेता गेले, एवढे भारावले होते.

पाहणी संपली. चहाचा खप खाली आला, पण पार बसला नाही. एके दुपारी दोरवाल्याने आणि न्हाव्याने भिंतीला मधोमध खांदा लावला. अठ्ठेचाळीस हजारांची भिंत तिसऱ्या धक्क्याला दारापुरती पडली. विटांचे थर रचणारा आपणच होतो, हे आठवून दोरवाला थोडा वरमला. आता गिऱ्हाईक पलीकडे डोकं देतं आणि अलीकडे येऊन चहा पितं. दोरवाल्याचा दोर पूर्वीसारखा लांब जातो. न्हाव्याची मुलगी परीक्षा पास झाली आणि शहरातल्याच एका दवाखान्यात लागली. पहिल्या पगारात तिने काकूला काय आणलं, हे त्या दोघींनाच ठाऊक आहे. विचारायला कुणी आलं नाही, म्हणून कुठे नोंद नाही.

राजधानीत मात्र चिंतेचं वातावरण आहे. देशभर कोट्यवधी कुटुंबांना अगदी काटेकोरपणे काहीही दिलं जात नाही, वेळेवर दिलं जात नाही, तरी त्यांची गरिबी कमी व्हायला तयार नाही. त्या एकशे एक्याऐंशी गावांत झालं, मग इथे का होत नाही? उत्तर उघड आहे. हे लोक पैसे न मिळाल्यावर ते नीट वापरत नसावेत. म्हणून मोठ्या प्रमाणावर नव्याने पाहणी करण्याचं ठरलं असून, त्यासाठी माणसांची भरती चालू आहे.

शिक्षणाची अट नाही. अनुभवाची नाही. परीक्षेत एकच प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर लिहायचंही नाही. उमेदवाराने तो फक्त वाचायचा आणि परीक्षकाने उमेदवाराचा चेहरा बघायचा. प्रश्न असा: एका गरीब बाईच्या खात्यात मदतीचे दोन हजार जमा झाले, आणि त्यातून तिने स्वतःसाठी अत्तराची बाटली घेतली.

वाचताना भुवई किंचितही वर गेली, तरी उमेदवार उत्तीर्ण.

अभिनंदन. सोमवारी सकाळी दहाला रुजू व्हा.